विमानतळावरील चाचणी आणि घरचा उंबरठा
(संघाच्या वार्षिक संमेलनात वाचलेले भाषण)



संघाच्या कार्यकारी मंडळाने मला बोलावणे पाठविले तेव्हा विषयाची निवड माझ्यावरच सोपविली होती. रोगनिदानाच्या प्रयोगशाळेत उभे आयुष्य घालविलेल्या माणसाने मधुमेह, रक्तदाब वा आहार यांपैकी एखाद्या विषयावर चार हिताच्या गोष्टी सांगाव्यात, अशी चिटणीसांची अपेक्षा असावी. परंतु आपल्या सभासद-कुटुंबांची यादी चाळीत असता माझ्या ध्यानात आले की, ज्या घरातील एखादा मुलगा, मुलगी, सून वा जावई दुबई-मस्कतला, इंग्लंड-अमेरिकेला, निदान दिल्ली-बंगळूरला नाही, असे घर आज विरळाच. त्या सर्वांची घराकडे येण्याची वाट विमानतळावरून जाते. २०२० साली कोरोनाची महामारी आली तेव्हा याच वाटेवर तपासणीचा नाका उभा राहिला, आणि त्या नाक्यावर मिळालेल्या कागदाने आपल्यापैकी अनेकांच्या घरांत काही ना काही घडविले. माझ्या घरीही घडविले. तो कागद वस्तुतः काय सांगतो आणि काय सांगत नाही, एवढेच मला आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

प्रवाशाला वाटेत अडवून त्याच्या अंगात रोग आहे की नाही हे पाहण्याची कल्पना नवीन नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला तेव्हा रेल्वेच्या स्टेशनांवर उतारूंना गाडीतून उतरवीत आणि डॉक्टर त्यांच्या काखा व जांघा चाचपून गाठ आली आहे काय ते पाहत. त्यात स्त्रियांची झालेली विटंबना आणि तिच्यामुळे उसळलेला संताप आपण आजी-पणजींच्या तोंडून ऐकलेला आहे. त्या वेळी, १८९७ साली, झालेला साथरोगांचा अधिनियम १२३ वर्षांनी, २०२० मध्ये, सरकारला पुन्हा हाती घ्यावा लागला हे ध्यानात घेण्याजोगे आहे. विमाने सुरू झाल्यावर १९३३ साली हेग येथे हवाई प्रवासापुरता स्वतंत्र आरोग्यविषयक करार झाला. आपल्या देशात १९५४ साली विमानांसंबंधीचे सार्वजनिक आरोग्य नियम झाले. आफ्रिकेतून येणाऱ्यांना पीतज्वराच्या लसीचा दाखला मागतात आणि तो नसेल तर सहा दिवस अडकवून ठेवतात, हे आपल्यातील जुन्या प्रवाशांना ठाऊकच आहे.

पीतज्वराचा तो दाखला आणि कोरोनाचा दाखला हे दिसावयास सारखे. परंतु त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिला दाखला सांगतो की, या माणसाला लस दिलेली आहे, आणि ती गोष्ट उद्याही खरी असते, परवाही खरी असते. दुसरा दाखला सांगतो की, अमुक दिवशी अमुक वाजता या माणसाच्या नाकातून व घशातून काढलेल्या स्रावात विषाणू सापडला नाही. उद्याविषयी तो अक्षरही बोलत नाही. तरीही आपण सर्वांनी, आणि मी प्रयोगशाळेतला माणूस असूनही, दुसरा कागद पहिल्यासारखाच वाचला.

आरंभी तर चाचणीही नव्हती. होता तो केवळ ज्वरमापक यंत्राचा डोळा. जानेवारी २०२० मध्ये चीनहून येणाऱ्यांच्या कपाळाची उष्णता मुंबईच्या विमानतळावर पाहू लागले, आणि ४ मार्च रोजी सर्वच देशांतून येणाऱ्यांची तशी तपासणी करण्याचे ठरले. या उपायाचा अनुभव जगाला पूर्वीच आलेला होता. २००३ साली सार्स नावाच्या रोगाची साथ आली असता कॅनडाच्या विमानतळांवर सुमारे ६५ लाख तपासण्या झाल्या. त्यांतून ९,१०० च्या आसपास लोकांना अधिक तपासणीसाठी बाजूला घेतले. सार्सचा रुग्ण त्यांत एकही निघाला नाही. कोरोनाच्या बाबतीत तर ज्याला ताप नाही, खोकला नाही, असा माणूसही रोग पसरवू शकतो. महाराष्ट्रातील पहिले दोन रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले, ते दुबईच्या सहलीहून परतलेले होते. विमानतळावरून ते इतर चारचौघांप्रमाणेच आपल्या घरी गेले होते. त्यात त्यांचा काय दोष? अंगात काही नसल्यासारखे वाटत असता माणूस घरी जाणार नाही तर कोठे जाईल?

म्हणून ताप पाहणे मागे पडले आणि विषाणूच शोधून काढणारी चाचणी पुढे आली. तिचे आर.टी.-पी.सी.आर. हे नाव आता खेड्यातील आजीबाईंच्याही तोंडी बसले आहे. तिचे काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो. १९८३ साली कॅरी मुलिस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला अशी युक्ती सुचली की, एखाद्या सजीवाच्या जनुकद्रव्याचा अत्यल्प अंश हाती असला तर त्याच्या प्रती काढीत जावे. एकाचे दोन, दोहोंचे चार, चारांचे आठ. ही दुप्पट तीस वेळा झाली म्हणजे एका प्रतीच्या १०७ कोटी प्रती होतात, आणि जे डोळ्याला, सूक्ष्मदर्शकालाही दिसणे शक्य नव्हते ते यंत्राला दिसू लागते. कोरोनाच्या विषाणूचे जनुकद्रव्य वेगळ्या जातीचे असल्यामुळे प्रथम त्याचे रूपांतर करून घ्यावे लागते, एवढाच अधिक खटाटोप. या शोधाबद्दल मुलिस यांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

इतकी सूक्ष्म चाचणी, मग ती चुकते कशी? मला अनेकांनी हा प्रश्न विचारला आहे, आणि 'प्रयोगशाळावाले पैसे खातात' असे त्याचे उत्तरही त्यांनीच देऊन टाकले आहे. काही ठिकाणी लबाडी झाली हे खरे. पॅरिसच्या विमानतळावर नोव्हेंबर २०२० मध्ये खोटे दाखले विकणाऱ्या सात जणांना पोलिसांनी पकडले. एका दाखल्याला दीडशेपासून तीनशे युरोपर्यंत भाव होता. परंतु लबाडी हे मुख्य कारण नव्हे. मुख्य कारण असे की, विषाणू अंगात शिरल्याबरोबर नाकात व घशात सापडत नाही. तो प्रथम पेशींत शिरतो, वाढतो, आणि मग बाहेर सांडू लागतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच-सहा दिवस आणि क्वचित् चौदा दिवसही जातात. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली सात अभ्यासांतील आकडे एकत्र करून जो हिशेब मांडला तो असा: लागण झाल्याच्या पहिल्या दिवशी चाचणी केली तर ती रोग ओळखणारच नाही, चौथ्या दिवशी केली तरी शंभरांतील सुमारे ६७ रुग्ण निसटतील, लक्षणे दिसू लागतात त्या दिवशी ३८ निसटतील, आणि त्यानंतर तीन दिवसांनी, म्हणजे चाचणीच्या सर्वांत चांगल्या दिवशीही, २० निसटतीलच. उलटपक्षी, रोग बरा होऊन गेल्यावर विषाणूचे मेलेले अवशेष कित्येक आठवडे नाकात राहतात आणि तेही यंत्राला सापडतात. त्यामुळे ज्याच्यापासून कोणासही भय नाही असा माणूस विमानतळावर अडकून पडतो, आणि ज्याच्यापासून भय आहे तो दाखला खिशात घालून घरी जातो.

आता मी माझ्या घरची गोष्ट सांगतो. ती सांगावी की न सांगावी याचा मी पुष्कळ विचार केला.

माझी थोरली बहीण, जिला आम्ही अक्का म्हणत असू, तिचे यजमान २०१९ च्या डिसेंबरात वारले. दुसऱ्या वर्षी त्यांचे वर्षश्राद्ध आले. मुलगा दिल्लीस नोकरीला. त्या सुमारास, २५ नोव्हेंबर २०२० पासून, दिल्ली, राजस्थान, गुजरात आणि गोवा येथून महाराष्ट्रात विमानाने येणाऱ्याजवळ ७२ तासांच्या आतील चाचणीचा दाखला असलाच पाहिजे असा नियम होता. भाच्याने नियम तंतोतंत पाळला. मंगळवारी नमुना दिला, शुक्रवारी सकाळी उतरला. घरी येण्यापूर्वी त्याने मला दूरध्वनी केला आणि दाखल्याचे छायाचित्र पाठवून विचारले, "मामा, मी दोन-चार दिवस हॉटेलात राहू का?" मी तो दाखला वाचला. प्रयोगशाळा चांगली होती, चाचणी योग्य होती. मी म्हणालो, "काही कारण नाही. अक्का वाट पाहते आहे."

रविवारी श्राद्ध झाले. सोमवारी त्याला ताप आला. गुरुवारी अक्काला आला. तिचे वय त्या वेळी ७४ होते. रुग्णालयात दाखल केल्यापासून सतराव्या दिवशी ती गेली.

त्याला लागण नमुना देण्यापूर्वीच झाली होती, की नमुना दिल्यानंतर दिल्लीच्या बाजारात झाली, की विमानात, हे कधीही कळले नाही व कळणार नाही. पुढे कित्येक महिन्यांनी त्याने मला विचारले, "मामा, तो रिपोर्ट खोटा होता का?" मी त्याला सांगितले की, खोटा नव्हता, मंगळवारचा होता. नमुन्याच्या दिवसाचा निष्कर्ष चौथ्या दिवसाला लावू नये, हे मी स्वतः विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवीत आलो होतो.

त्यानंतर मी या विषयावरील जे हाती लागेल ते वाचू लागलो. त्यात मला एक वृत्तांत असा सापडला की, जो माझ्या घरच्या गोष्टीचाच मोठा आरसा वाटावा. २९ सप्टेंबर २०२० रोजी दुबईहून निघालेले एक विमान न्यूझीलंडमधील ऑकलंडला पोहोचले. प्रवास सुमारे १८ तासांचा, प्रवासी ८६. त्या देशात उतरणाऱ्या प्रत्येकाला चौदा दिवस सरकारी देखरेखीखाली वेगळे राहावे लागे आणि त्या मुदतीत चाचण्या होत. त्यांत या विमानातील ७ जण बाधित निघाले. सातही जण जवळजवळच्या रांगांत बसलेले; निघण्यापूर्वी चाचणी करून निर्दोष ठरल्याचा दाखला त्यांच्यापैकी बहुतेकांजवळ होता. शास्त्रज्ञांनी सातही जणांच्या विषाणूंची जनुकरचना वाचून ताडून पाहिली. ती जवळजवळ तंतोतंत एकच निघाली. निष्कर्ष असा निघाला की, निदान चौघांना तरी ही लागण विमानातच झाली. मूळ संशय गेला तो स्वित्झर्लंडहून एकत्र निघालेल्या दोघांवर, आणि त्या दोघांजवळही निर्दोष दाखले होते! न्यूझीलंडने दाखल्यावर विसंबून त्या ८६ जणांना घरी जाऊ दिले असते तर हे कोणाला कळलेही नसते.

आइसलंड या चिमुकल्या बेटाचे उदाहरणही असेच बोधप्रद आहे. तेथे १५ जून २०२० पासून येणाऱ्या प्रवाशाला सवलत होती: चौदा दिवस वेगळे राहा, नाहीतर विमानतळावर चाचणी करून घ्या. बहुतेकांनी अर्थातच चाचणी पसंत केली. दोन महिन्यांच्या अनुभवानंतर, १९ ऑगस्टपासून, त्यांनी नियम बदलला. उतरल्यावर एक चाचणी, मग पाच-सहा दिवस वेगळे राहणे, आणि नंतर दुसरी चाचणी. पहिल्या चाचणीला जो सापडत नाही तो दुसरीला सापडतो. यात नवीन यंत्र नाही, नवीन औषध नाही. मधले पाच दिवस तेवढे नवीन आहेत. माझ्या भाच्याने जे दोन-चार दिवस मागितले होते ते हेच.

आखाती देशांत आपले पुष्कळ लोक असल्यामुळे दुबईचा नियम आपणांस आठवत असेलच. जून २०२१ पासून तेथे जाणाऱ्याला निघण्यापूर्वी ४८ तासांच्या आतील एक चाचणी, पुन्हा येथील विमानतळावर उड्डाणापूर्वी चार तासांच्या आत दुसरी जलद चाचणी, आणि तेथे उतरल्यावर तिसरी, असा क्रम होता. चार तासांचे पुढे सहा झाले, आणि २०२२ साली ती अट गेली. मुंबईच्या विमानतळावर बायकामुलांसह रात्र-रात्र खोळंबलेल्या लोकांनी या नियमाला शिव्याशाप दिले. जलद चाचणीला काही हजार रुपये पडत, आणि चार माणसांच्या कुटुंबाला तो भुर्दंड थोडाथोडका नव्हता. खर्चाची तक्रार मला मान्य आहे. किंबहुना सरकारने लादलेल्या चाचणीचा बोजा हातावर पोट असलेल्या गवंड्या-सुताराने का सोसावा, याचे उत्तर मला आजतागायत कोणी दिलेले नाही. परंतु त्या नियमाच्या पोटी शहाणपण होते. दाखला जितका ताजा तितका खरा, एवढे त्या लोकांनी ओळखले होते.

दुसरा प्रश्न असा की, एवढे करूनही रोग देशाबाहेर राखता येतो काय? येथे मी स्पष्टच सांगतो की, येत नाही. दक्षिण आफ्रिकेतील शास्त्रज्ञांनी २४ नोव्हेंबर २०२१ रोजी एका नव्या विषाणूप्रकाराची बातमी जगाला दिली. त्यालाच दोन दिवसांनी ओमायक्रॉन हे नाव मिळाले. त्याच दिवशी, २६ नोव्हेंबरला, तेथून निघालेली दोन विमाने ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर उतरली. सुमारे ६०० प्रवाशांना तासन् तास अडकवून त्यांची चाचणी केली. ६१ जण बाधित निघाले. लसीचा वा चाचणीचा दाखला पाहूनच त्यांना विमानात घेतले होते, असे विमान कंपनीचे म्हणणे! सर्व युरोप हादरला. आणि चारच दिवसांनी डच सरकारच्या आरोग्यसंस्थेने जाहीर केले की, १९ व २३ नोव्हेंबरला देशात घेतलेल्या जुन्या नमुन्यांतही तोच प्रकार सापडला आहे. पाहुणा मागच्या दाराने आधीच घरात येऊन बसला होता. आपल्याकडेही तेच झाले. जोखमीच्या देशांतून येणाऱ्यांनी चाचणीचा निकाल येईपर्यंत विमानतळ सोडू नये, असा नियम १ डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. २ डिसेंबरला कर्नाटकातील दोन रुग्ण जाहीर झाले. दोहोंचेही नमुने नियमापूर्वीचे होते, आणि त्यांपैकी एकाने तर परदेशप्रवास केलेलाच नव्हता.

मग हा सारा खटाटोप व्यर्थ होता काय? तसे माझे मत नाही. विमानतळावरील नाक्याकडे तट म्हणून पाहिले तर तो पडका आहे. टेहळणीचा बुरूज म्हणून पाहिले तर फार उपयोगाचा आहे. बाधित प्रवाशाचा नमुना पुढे जनुकरचना वाचणाऱ्या प्रयोगशाळेत गेला म्हणजे कोणत्या देशातून कोणता प्रकार निघाला आहे, हे रुग्णालये भरण्यापूर्वी समजते. आपल्या देशात डिसेंबर २०२० मध्ये दहा प्रयोगशाळांचा असा संघ उभा राहिला. पुण्यातील राष्ट्रीय विषाणू संस्था, जिचा पाया १९५२ साली घातला गेला, ती त्यात होती. इंग्लंडहून आलेल्या प्रवाशांत तेथील नवा प्रकार ओळखण्याचे काम या प्रयोगशाळांनीच केले. पुढे सरसकट चाचण्या बंद होऊन डिसेंबर २०२२ पासून शंभरांत दोन प्रवाशांचेच नमुने घेऊ लागले, आणि जुलै २०२३ मध्ये तेही थांबले. अमेरिकेत तर विमानांतील सांडपाणी तपासून कोणता विषाणू आला आहे ते पाहतात. त्यात कोणाच्या नाकात काडी घालावी लागत नाही, की कोणाचे नाव विचारावे लागत नाही. हे मला सर्वांत सभ्य वाटते. दक्षिण आफ्रिकेने मात्र खरी बातमी प्रथम सांगितली आणि तिच्या पदरी विमानबंदी आली. खरे बोलणाऱ्यालाच दंड होतो असे एकदा दिसले म्हणजे पुढच्या खेपेस कोण बोलेल, याची मला चिंता वाटते.

आता थोडे आपल्या घराविषयी व ज्ञातीविषयी. मार्च २०२० मध्ये परदेशाहून आलेल्यांच्या डाव्या हातावर निवडणुकीच्या शाईने शिक्के मारले गेले. हेतू वाईट नव्हता. परंतु शिक्का दिसताच लोकलच्या डब्यातून खाली उतरविलेले, इमारतीत दूधवाला बंद झालेले लोक आपल्यातही आहेत. विलायतेहून परतलेल्या तरुणाला पंक्तीत घ्यावे की न घ्यावे, प्रायश्चित्त द्यावे की न द्यावे, यावरून ज्ञातीज्ञातींत तट पडत, त्याला फार वर्षे झालेली नाहीत. तो वाद आपण मागे टाकला असे समजत होतो, आणि २०२० साली तोच आपल्या जिन्यात निराळा वेष घेऊन उभा राहिला. एका बाजूला शिक्केवाल्याला वाळीत टाकावयाचे, आणि दुसऱ्या बाजूला दाखलेवाल्याला सरळ म्हाताऱ्या आईच्या शेजारी जेवावयास बसवावयाचे, अशा दोन्ही चुका एकाच इमारतीत झाल्या. माझ्या इमारतीत दुसरी मी केली. परतलेल्या मुलाला दूर ठेवणे म्हणजे त्याचा अपमान, असे त्या दिवशी मला वाटले. अक्काला तसे वाटले नसते. सोवळ्याचे चार दिवस बाहेर बसण्याची तिला आयुष्यभराची सवय होती, आणि त्यात कोणी कोणाचा द्वेष करीत नसे, असे ती म्हणे. सोवळ्याचे समर्थन मला करावयाचे नाही. पण तिला विचारले असते तर तिनेच मुलाला म्हटले असते, "वरच्या खोलीत राहा, ताट तिथे पाठविते." तिला कोणी विचारलेच नाही.

यास्तव कार्यकारी मंडळापुढे माझी एक सूचना आहे. संघाच्या इमारतीत मागील बाजूस दोन खोल्या आहेत. त्यांना वेगळा जिना आहे, वेगळे स्नानगृह आहे, आणि पश्चिमेस मोठ्या खिडक्या आहेत. आज तेथे मोडक्या खुर्च्या, सतरंज्या आणि जुन्या स्मरणिकांचे गठ्ठे पडलेले आहेत. ते सामान हलवून खोल्या रंगवून घ्याव्यात. पुन्हा कधी अशी साथ आली तर बाहेरगावाहून येणाऱ्या ज्या मुलाच्या घरी वेगळी खोली नसेल, त्याला तेथे पाच-सहा दिवस राहता यावे, आणि त्याचे जेवण त्याच्या घरून यावे. गच्चीतून हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर आपल्या बहुतेक सभासदांची घरे आहेत. रंगाचा व दोन खाटांचा खर्च मी अक्काच्या स्मरणार्थ देऊ इच्छितो; भाच्याने निम्मा वाटा उचलण्याचे कबूल केले आहे. चिटणीसांनी पुढील सभेपुढे हा विषय ठेवावा, अशी विनंती करतो.